सोडून गेलेल्याची साक्ष

१

गुरुपौर्णिमा तोंडावर आली होती आणि कांचन दाबके यांच्या बेसमेंटमधून देव नाहीसा झाला.

देव म्हणजे मूर्ती नव्हे. अमेरिकेतल्या ओहायोत, कोलंबसला लागून असलेल्या डब्लिनमध्ये, जिथं गवत वाढलं तरी शेजारी टकमक बघतात अशा नीटनेटक्या वस्तीत, दाबक्यांच्या घराखाली एक चौरंग होता. त्यावर लाल कदाच्या, सोवळ्यातल्या रेशमी वस्त्राच्या, चार घड्यांखाली ताम्रपट झाकलेले असत. धातूचे पत्रे, एकावर एक रचलेले, भोकांतून कड्या ओवून एकत्र बांधलेले. ते आपल्याला नर्मदेच्या काठी एका साधूनं दिले असं अण्णा नाबर सांगत. त्यांवरचा मजकूर फक्त अण्णांना वाचता येई, आणि अण्णा जे वाचून सांगत त्यावर ‘प्रकाश मंडळ’ चाले. डॉक्टर, इंजिनिअर, त्यांच्या शिकलेल्या बायका, सगळे दर गुरुवारी त्या बेसमेंटमध्ये मांडी घालून बसत.

कांचनताई क्लीव्हलंडहून, लेकीकडून परतल्या, खाली गेल्या आणि किंचाळल्या. कद चौरंगावर नीट घडी घालून ठेवलेलं होतं आणि खाली काही नव्हतं. कुलूप तुटलेलं नव्हतं. त्याचं नवल नव्हतं म्हणा, कारण मागच्या दाराची किल्ली तुळशीच्या कुंडीखाली असते हे सगळ्या मंडळाला ठाऊक होतं. नवल दुसरंच होतं. समई जळत होती. निघताना त्यांनी जेमतेम रात्रभर पुरेल एवढं तेल घातलं होतं, आणि त्या तर मधले चार दिवस घरी नव्हत्याच.

पोलिसांना कुणी बोलावलं नाही. अण्णा आले, रिकाम्या चौरंगाकडे पाहून हसले आणि म्हणाले, “आले तसे गेले. ज्याचे होते त्यानं नेले. दिवा मात्र आपल्यासाठी ठेवला.”

त्या संध्याकाळी पद्मिनी आगाशेचा फोन वाजला. पलीकडे तिची धाकटी बहीण मालिनी होती.

“ताई, मी ऑपरेशन कॅन्सल केलंय.”

२

मालिनीच्या छातीत गाठ होती. कॅन्सरची आहे हे ठरलेलं होतं, सर्जन ठरला होता, तारीखही ठरली होती. मंडळात जाऊनही ती ऑपरेशनला कशीबशी तयार झाली होती. आणि आता एका समईनं सगळं उलटंपालटं केलं.

“शरीराला शस्त्र लावू द्यायचं नाही असं अण्णांनी वाचलं होतं,” मालिनी म्हणाली. तिच्या स्वयंपाकघरात ती पोळ्या लाटत होती, जणू कुणाच्या तरी दुसऱ्याच बाईच्या गाठीबद्दल बोलतेय. “मी मानत नव्हते. पण तेलाशिवाय दिवा जळतो, ताई? तूच सांग.”

तिचा नवरा अनिल दाराशी उभा होता. त्यानं नुसते हात पसरले. महिनाभर समजावून त्यानं तिला तयार केलं होतं, आता त्यानं हात टेकले होते.

“त्या ताम्रपटांना कुणी पाहिलंय तरी का?” पद्मिनीनं विचारलं.

“तिघांनी. सात वर्षांपूर्वी अण्णांनी तिघांना हात लावू दिला होता. कांचनताई, डॉक्टर चारुदत्त रेगे आणि श्रीरंगदादा टिपणीस.” मालिनीनं लाटणं खाली ठेवलं. “कांचनताईंना सोड, त्या भक्त आहेत. डॉक्टरांनाही सोड. पण श्रीरंगदादा? सुचित्रावहिनी गेल्या तेव्हा अण्णा म्हणाले, तिची श्रद्धा कमी पडली. दादांनी भर सभेत अण्णांना वाट्टेल ते सुनावलं आणि मंडळ सोडलं. अण्णांचं नाव काढलं तरी ते थुंकतात. आणि तोच माणूस आजही म्हणतो की ताम्रपट खरे होते. तो का खोटं बोलेल? तुझंच वाक्य आहे ना ते? ज्याला खोटं बोलून काही मिळत नाही त्याचं खरं मानायचं.”

पद्मिनीला तोंडात मारल्यासारखं झालं. वाक्य तिचंच होतं. ती एका विमा कंपनीत क्लेम तपासत असे. जळालेली दुकानं, ठोकलेल्या गाड्या, घसरून पडलेली माणसं आणि त्यांचे साक्षीदार, यांत तिची उमेदीची वर्षं गेली होती. जेवणाच्या टेबलावर फुशारकीनं सांगितलेली गोष्ट बहिणीनं अशी फिरवून मारावी, याचा तिला राग आला.

“श्रीरंगरावांनी तुझ्यासमोर सांगितलं की ते खोटं होतं, तर?”

“तर त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन करीन,” मालिनी म्हणाली. “प्रॉमिस. पण ते नाही सांगणार, ताई. कारण ते खोटं नव्हतं.”

३

कांचनताईंनी पद्मिनीला आधी चहा दिला, मग चिवडा दिला आणि मग चमत्कार दिला.

“हात लावला मी! थंडगार. कडा धारदार. वरची अक्षरं अशी बोटाला लागत होती, उठावाची. आणि जड किती! कड्या हलल्या की किणकिण आवाज यायचा.”

“रंग?”

“सोन्यासारखा. पिवळाधमक.”

“समईत रोज तेल कोण घालतं?”

“आता मीच. पूर्वी श्रीरंग घालायचा. कामावर जाताना रोज सकाळी यायचा बिचारा, चार वर्षं. स्वतःच्या देवाचं कुणी केलं नसेल इतकं त्यानं केलं.” कांचनताईंनी डोळे पुसले. “सुचित्रा गेली आणि डोकं फिरलं त्याचं.”

डॉक्टर चारुदत्त रेगे क्लिनिकमध्ये भेटले. त्यांनी सुरुवातच “मी सायन्सचा माणूस आहे” अशी केली. असं सुरू करणारे साक्षीदार पद्मिनीनं खूप पाहिले होते.

“थंड, जड, कडेला भोकं, वर लिपी,” ते म्हणाले. “बोटांनी तपासली मी. हात हेच आमचं इन्स्ट्रुमेंट असतं.”

“आणि रंग?”

“ताम्रपट म्हटल्यावर तांब्याचाच असणार ना, यार!”

एकीचं सोनं, दुसऱ्याचं तांबं. पद्मिनीला क्षणभर बरं वाटलं. पण तेवढ्यानं काही होणार नव्हतं. अपघाताच्या साक्षीदारांनाही गाडीचा रंग नीट आठवत नाही, म्हणून अपघात झालाच नाही असं ठरत नाही.

अण्णा तर तिची वाट पाहत असल्यासारखे बसले होते. गोड माणूस. आवाज कधी चढला नाही.

“तपास कर, बेटा. तुझं कामच आहे ते. मी साधा माणूस. या देशात आलो तेव्हा गाड्यांच्या भंगाराच्या यार्डात लोखंड उचललंय मी. त्या हातांना हे मिळालं, यातच सगळं आलं.”

“मालिनीला ऑपरेशन करू दे म्हणून सांगाल?”

“मी कोण सांगणारा? जे लिहिलेलं होतं ते वाचलं.”

पद्मिनीला त्याची मान धरावीशी वाटली. तिनं पर्सचा पट्टा घट्ट धरला आणि बाहेर पडली.

४

श्रीरंग टिपणीस एकटेच राहत. भिंतीवर सुचित्राचा फोटो होता आणि फोटोखालची खुर्ची रिकामी ठेवलेली होती. पद्मिनी चुकून तिथं बसायला गेली तेव्हा त्यांनी नुसतं “इथं बसा” म्हणून सोफा दाखवला.

“तुम्हाला काय ऐकायचंय? तो नाबर हरामखोर आहे. लिहून देतो.”

“मला ताम्रपटांचं ऐकायचंय.”

ते समोर येऊन बसले. मग हळूहळू बोलू लागले. थंड, जड, कड्या, उठावाची अक्षरं, सगळं इतरांसारखंच. पण त्यांनी भर घातली नाही, आवाज कापला नाही, डोळे मिटले नाहीत. पुलांच्या कामावर इंजिनिअर असलेल्या माणसानं तुळईबद्दल बोलावं तसं ते बोलले.

“रंग कसा होता?”

“मळकट पांढरा,” ते लगेच म्हणाले. “अक्षरांवर तांबडं. काही ठिकाणी उडालेलं.”

“पांढरा? तांब्याचा?”

“जुन्या धातूला काहीही रंग येतो,” ते म्हणाले आणि उठून चहा ठेवायला गेले.

पद्मिनी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. तिचा धीर खचला. खोटं बोलणारा माणूस सोनं म्हणतो, तांबं म्हणतो. मळकट पांढरा कोण म्हणेल? ज्यानं खरोखर पाहिलं तोच.

“एक विचारते,” ती चहा घेताना म्हणाली. “तुमचा त्या माणसावर इतका राग आहे. एकदा ‘ते खोटं होतं’ म्हणालात तर मंडळ कोसळेल. माझी बहीण वाचेल. का नाही म्हणत?”

श्रीरंगरावांनी कप बशीत ठेवला. आवाज झाला.

“कारण मी साक्षीदार आहे,” ते म्हणाले. “आणि मी खरं तेच सांगितलंय.”

गाडीत बसल्यावर पद्मिनीनं किल्ली फिरवलीच नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिला माणूस खोटं बोलतोय हे वासावरून कळे. हा माणूस खोटं बोलत नव्हता.

५

ऑफिसात तिच्या शेजारी व्हर्न सोरेन्सन बसे. तो युटाहचा, कॉफी वर्ज्य मानणाऱ्या मॉर्मन पंथाच्या पिढीजात घरातला. आता चर्च सोडलेला, आणि ते सगळ्यांना कळावं म्हणूनच की काय, दिवसभर कॉफी ढोसणारा. तिनं त्याला मंडळाचं सगळं सांगितलं. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

“हे मी पाळण्यात ऐकलंय,” तो म्हणाला. “आमच्या धर्माची सुरुवातच सोन्याच्या पत्र्यांपासून आहे. कड्यांत ओवलेले पत्रे. तिघांनी सांगितलं की देवदूतानं आम्हाला दाखवले. आणखी आठ जणांनी सांगितलं की आम्ही हाताळले. पुढे इथंच, ओहायोत, वरती कर्टलंडला भांडणं झाली आणि त्यांतले बरेच जण सोडून गेले. काही परत आले, काही आलेच नाहीत. पण आपण पाहिलं नाही असं त्यांतला एकही म्हणाला नाही, असं आई मला सांगायची. सोडून गेलेला माणूसही जे नाकारत नाही, ते खरंच असणार.”

“माझी बहीण हेच म्हणते. मग तू का सोडलंस?”

“ते खोटं बोलले असं मला आजही म्हणवत नाही. चांगली माणसं होती. पण घरातल्या लोकांनी ते पत्रे कापडावरून चाचपले अशाही हकिकती आहेत. त्या साक्षीदारांना लोकांनी म्हातारे होईपर्यंत एकच विचारलं, पाहिलंत का? आणि ते म्हणाले, हो. कधी, कसं, कुठल्या डोळ्यांनी, हे खोदून विचारणारे बहुतेक शत्रूच होते, आणि शत्रूला कोण धड उत्तर देतं? ते खरं असेल, नसेल. मी तिथं नव्हतो.” व्हर्ननं कॉफी संपवली. “पण एक ध्यानात ठेव. आई त्या सोडून गेलेल्यांची साक्ष उराशी धरून बसली आहे. मीही सोडून गेलोय. माझा एक शब्द ती ऐकत नाही. सोडून गेलेला त्यांच्या बाजूनं बोलला तर देवमाणूस, उलट बोलला तर कडवट माणूस.”

पद्मिनीनं मान हलवली. त्यातलं शेवटचं तिला तेव्हा कळलं नाही. ‘कापडावरून’ हा शब्द मात्र डोक्यात राहिला.

६

गुरुवारी ती आरतीला गेली. चौरंग रिकामाच होता, पण गर्दी दुप्पट होती. मालिनी पुढे बसली होती, कांचनताईंच्या मांडीला मांडी लावून.

आरती टिपेला पोचली, घंटा वाजली, अण्णांनी रिकाम्या चौरंगापुढे तबक वर उचललं, आणि सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले. पद्मिनीला जोडायला हात नव्हते, एका हातात कुणाचं तरी मूल होतं. म्हणून तिचे डोळे उघडे राहिले. सबंध बेसमेंटमध्ये फक्त तिचे.

तिला आई आठवली. आई तुळजापूरला पहाटेपासून रांगेत उभी राहायची, पायांना गोळे यायचे, आणि देवीसमोर पोचल्यावर, पुजारी “चला, चला” म्हणून ढकलत असताना, पहिलं काम काय करायची? डोळे मिटायची. “आई, अगं बघ तरी!” म्हणून पद्मिनी तिचा पदर ओढायची. एवढं करून घरी आल्यावर आई शेजारणीला देवीच्या मुखाचं तेज वर्णन करून सांगायची. खोटं नसायचं ते.

आरती संपताच तिनं जिन्यात डॉक्टर रेग्यांना गाठलं.

“तुम्ही ताम्रपटांना हात लावलात तेव्हा कद बाजूला केलं होतं?”

“छे! तिघांनीही कदाखालून हात घातला. सोवळं होतं ते.”

“आणि अण्णांनी डोळे मिटायला सांगितले होते?”

“सांगायला कशाला हवं?” डॉक्टर चक्रावले. “नमस्कार करताना डोळे उघडे ठेवतं का कुणी?”

पद्मिनी जिन्यातच कठड्याला टेकली. तिघांनीही पाहिलं नव्हतं. थंड, जड, कडा, अक्षरं, किणकिण, सगळं हातांचं आणि कानांचं. डोळ्यांचं म्हणून विचारलं तेव्हा कांचनताईंनी सोनं दिलं आणि डॉक्टरांनी तांबं, आपापल्या मनातलं.

मग एकाच माणसाला तो मळकट पांढरा रंग आणि उडालेलं तांबडं कुठून दिसलं?

तिनं वळून समईकडे पाहिलं. तेल आपोआप येत नाही. कांचनताई परतायच्या आदल्या रात्री चोरी करायला आलेल्या माणसानं आधी विझलेल्या दिव्यात तेल घालून तो लावला होता. चार वर्षांची सवय, हात आपोआप बाटलीकडे गेला असेल.

७

शनिवारी सकाळी श्रीरंग टिपणिसांचं गराज उघडं होतं. ते गवत कापायचं यंत्र दुरुस्त करत बसले होते.

“रंग तुम्ही बरोबर सांगितलात,” पद्मिनी म्हणाली. “तिथंच चुकलात. कदाखाली हात घालून, डोळे मिटून, रंग दिसत नाही. आणि घडी घातलेलं कद, भरलेली समई. बाहेरचा चोर हे करत नाही, रोज तिथं दिवा लावणाऱ्याचाच हात हे करतो.”

त्यांनी नाकारलं नाही. हात पुसले, गाडीची ट्रंक उघडली आणि एका जुन्या साडीत बांधलेलं गाठोडं काढलं. साडी सुचित्राची असणार. त्यांनी गाठ सोडली.

नंबरप्लेट होत्या. ओहायोच्या जुन्या, भंगारातल्या गाड्यांच्या, पांढऱ्या पत्र्यावर तांबडे उठावाचे आकडे असलेल्या, बोल्टच्या भोकांतून कड्या ओवलेल्या. रंग बराच उडाला होता. त्या जाडजूड गठ्ठ्याला हात लावला तर थंड लागत होता.

“रोज पुढे मागे दिसतात,” श्रीरंगराव म्हणाले. “पण नंबरप्लेट हातानं कोण चाचपतं?”

पद्मिनीला हसू आलं आणि लगेच शिसारी आली.

“का नेल्यात?”

“सात वर्षं हो म्हणत आलो. एकदा डोळे उघडे ठेवून बघावं म्हटलं. बघून परत ठेवणार होतो. ठेववेना.”

“मग मला का सांगितलंत की खरे होते? त्या दिवशी या ट्रंकेतच होत्या ना?”

श्रीरंगरावांनी साडीचं टोक त्या प्लेटांवर ओढलं. “सुचित्राला गाठ झाली तेव्हा ती नाबरला विचारायला गेली नाही. मला विचारलं. ‘तुम्ही पाहिलेत ना? तुम्ही म्हणाल तसं.’ मी हो म्हटलं. एवढंच. एक ‘हो’. ती डॉक्टरकडे गेलीच नाही.” त्यांचा आवाज फाटला. “ताम्रपट खरे असतील तर तिचं आयुष्य तेवढंच होतं. खोटे असतील तर ती माझ्या ‘हो’नं मेली. तुम्ही सांगा पद्मिनीबाई, मी कुठलं निवडू?”

म्हणजे तिचं वाक्यच पोकळ होतं. खोटं बोलून काही मिळवायचं नसलेला माणूस तिनं शोधला होता. खरं बोलून सगळं गमावणारा माणूस तिच्या हिशेबातच नव्हता.

“तुम्ही घातलेल्या तेलामुळे मालिनीनं ऑपरेशन कॅन्सल केलंय,” ती म्हणाली.

हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते गवताच्या यंत्रावरच बसले.

“येतो मी,” शेवटी म्हणाले. “पण तिच्यासमोर तोंडातून काय निघेल ते सांगू शकत नाही.”

८

मालिनीनं नंबरप्लेट पाहिल्या आणि बाजूला सारल्या.

“ताई, हे कुठल्याही भंगारवाल्याकडे मिळेल. तुला माझी काळजी आहे म्हणून तू आणलंस, कळतं मला. पण हे ते नव्हेत.” ती श्रीरंगरावांकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की पद्मिनीला बघवेना. “दादा, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं.”

श्रीरंगरावांचा चेहरा पांढरा पडला. तेच शब्द. 

“पाहिले होते,” ते म्हणाले. “खरे होते.”

अनिलनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मालिनी शांतपणे हसली आणि चहा गाळायला उठली. संपलं होतं.

पद्मिनीला एकच प्रश्न उरला होता. तो विचारला तर समोरचा माणूस मोडणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तिनं तो विचारला.

“श्रीरंगराव, आजचं नाही विचारत. सुचित्रावहिनींनी विचारलं त्या दिवशी, त्या दिवसापर्यंत, तुम्ही डोळ्यांनी पाहिले होते का?”

“ताई!” मालिनी म्हणाली.

“त्यांना बोलू दे. त्या दिवशी पाहिले होते का?”

गाळणीतून चहा ठिबकत होता. श्रीरंगरावांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, त्या प्लेटांच्या शेजारी.

“नाही,” ते म्हणाले. मग जरा मोठ्यानं, जणू कुणीतरी दुसऱ्या खोलीत ऐकत होतं, “नाही गं. डोळे मिटले होते माझे. नव्हते पाहिले. तुला हो म्हटलं, पण नव्हते पाहिले.” ते मालिनीशी बोलत नव्हते. “आणि समईत तेल मी घातलं. मीच.”

त्यांच्या तोंडून निघालेला आवाज पद्मिनी कधी विसरली नाही. अनिलनं त्यांना धरलं. मालिनी हातात गाळणी घेऊन तशीच उभी होती. मग तिनं गॅस बंद केला, गाळणी सिंकमध्ये ठेवली आणि भिंतीवरचा फोन उचलला. हॉस्पिटलचा नंबर तिला पाठ होता.

९

ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. पक्कं काही बोलेनात, पण हसून बोलले.

मालिनी घरी आली आणि पद्मिनीनं केलेली खिचडी न बोलता खाल्ली. “तू वहिनींचं नाव काढायला नको होतंस,” एवढंच एकदा म्हणाली. पद्मिनीला वाटलं होतं, जीव वाचला की बाकीचं माफ होतं. तसं काही नसतं.

श्रीरंगरावांनी मात्र त्यानंतर थांबायचं नाही असं ठरवलं होतं. ते घरोघरी गेले. गाठोडं सोडून दाखवलं, डोळे मिटले होते म्हणून सांगितलं, तेल आपण घातलं म्हणून सांगितलं. अण्णा मुळीच रागावले नाहीत. “बायको गेल्यापासून तो दुःखी आहे,” म्हणाले. “सोडून गेलेल्या माणसाच्या बोलण्याचं काय मनावर घ्यायचं?” ही तीच माणसं होती. सात वर्षं श्रीरंगच्या शब्दावर ज्यांनी तीर्थ घेतलं, त्यांनी आता मायेनं मान हलवली आणि विषय बदलला. डॉक्टर रेग्यांनी तर डोळे मिटल्याचं आपण बोललोच नाही असं सांगितलं.

गणपतीत भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये सगळे जमले होते. मालिनी डोक्याला स्कार्फ बांधून अनिलशेजारी बसली होती. ती मंडळात जात नव्हती, आणि मंडळातलंही कुणी तिच्याजवळ बसलं नव्हतं. पद्मिनी मोदकांच्या रांगेत होती. पुढे रुपाली नावाची तरुण मुलगी उभी होती, नुकतीच नॉर्थ कॅरोलिनातलं कॅरी गाव सोडून इकडे आलेली, कडेवर लेक. लेकीला फिट्स येत. अण्णांनी गोळ्या बंद करायला सांगितल्या होत्या, म्हणून रुपालीनं आठवडाभरापासून त्या दिल्या नव्हत्या.

श्रीरंगराव हातात कागदी प्लेट घेऊन तिच्याजवळ आले. प्लेटमधलं काही त्यांनी खाल्लं नव्हतं.

“बाळा, तिच्या गोळ्या सुरू कर,” ते म्हणाले. “ते ताम्रपट खोटे होते. मी साक्षीदार होतो त्यांचा. माझ्या हातात होते, मी सांगतोय तुला.”

रुपालीनं त्यांच्याकडे पाहिलं. मुलगी चांगली होती, मोठ्यांना उलट बोलायची सवय नव्हती. तिनं लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि अगदी आदरानं विचारलं, “पण काका, तुम्ही तर मंडळ सोडून गेलात ना?”